घरधंदा : संसारातले आंतरपीक
— ऊस विकास अधिकारी



दर अंकात या पानावर मी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, खोडवा असे विषय घेतो. या अंकात विषय थोडा निराळा आहे. गेल्या हंगामाआधी आपल्या कार्यक्षेत्रात गटवार महिला मेळावे झाले. उसाची माहिती सांगून झाल्यावर "कुणाला काही विचारायचे असल्यास विचारा" असे मी रिवाजाप्रमाणे म्हटले. तेव्हा मागच्या रांगेतून एक भगिनी उठल्या. कडेवर वर्षा-दीड वर्षाचे मूल होते. त्या म्हणाल्या, "साहेब, उसाचं समदं कळलं. पण बारक्या पोरांच्या आयांनी घरात बसून चार पैसं कसं मिळवायचं, त्ये कोण सांगणार?"

मेळावा हसला. मीही हसलो आणि "पुढच्या खेपेला सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी येताना वाटले, की प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आपल्या निम्म्याअधिक घरांत तो आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पुढे कारखान्याचा पट्टा पडल्यावर मी आठ दिवसांची रजा काढून बदलापूरला भाचीकडे गेलो. तिला दोन मुले आहेत, थोरली मुलगी सात वर्षांची आणि धाकटा मुलगा साडेतीन वर्षांचा. ती घरातून पोळ्यांचा धंदा करते. तिच्याकडे जे पाहिले आणि तिच्या वहीत जे वाचले, ते आज सांगतो. मेळाव्यातल्या त्या भगिनीचे उत्तर त्यात आहे असे मला वाटते.

तिकडची परिस्थिती

कल्याणहून कर्जतच्या बाजूला लोकलने निघाले, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने ओळीने लागतात. आपल्या भागातली कितीतरी मंडळी तिकडे नोकरीला आहेत, आपल्या लेकी तिकडे दिल्या आहेत. तेव्हा ही गावे परकी नव्हेत.

उल्हासनगरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींत ठेवले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथे पत्ता सांगताना एक नंबर कॅम्प, पाच नंबर कॅम्प असेच सांगतात. आलेल्या लोकांजवळ शेत नव्हते, दुकान नव्हते, ओळखही नव्हती. बायकांनी बराकीतल्या चुलीपाशी पापड, लोणची, मिठाई करायला घेतली, शिवणकाम घेतले, आणि पुरुष माणसे व पोरे तो माल गाडीत आणि रस्त्यावर विकू लागली. राहण्याची जागा तीच कामाची जागा होती. पुढे तिथे कापड, फर्निचर आणि जीन्स यांच्या मोठ्या बाजारपेठा झाल्या. पण सुरुवात अनेक घरांत चुलीपासून आणि शिवणाच्या मशीनपासून झाली हे विसरून चालणार नाही.

अंबरनाथला इ. स. १०६० सालचे प्राचीन शिवमंदिर आहे, संरक्षण खात्याचा कारखाना आहे, औद्योगिक वसाहत आहे. त्यापुढचे बदलापूर हे मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांचे गाव झाले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर. घरातला कमावता माणूस पहाटेची लोकल धरतो आणि दिवेलागण झाल्यावर कधीतरी येतो. मधले बारा-चौदा तास बाई आणि मुले. बाईने नोकरी धरावी म्हटले, तर जाण्यायेण्यातच तीन-चार तास जातात. मग मुले कुणाकडे ठेवायची? सासू-सासरे गावाकडे, शेजार नवा. म्हणून तिकडच्या पुष्कळ बाया घरात काम घेतात. आपल्याकडे लोकल नाही एवढेच; बाकी अडचण तीच आहे. रानात जावे तर पोराला उसाच्या सरीत झोळी बांधून ठेवावे लागते.

पहिला धंदा कसा फसला

भाची आधी अंबरनाथला भाड्याच्या खोलीत होती. तेव्हा धाकटा दोन वर्षांचा होता. जवळच उल्हासनगर, तिथल्या जीन्सच्या मालाची किरकोळ कामे घरोघर दिली जातात. शिवून झालेल्या पँटीचे लोंबते धागे कापायचे, बटण-रिवेट तपासायचे, घडी घालून गठ्ठा बांधायचा. नगावर पैसे. भांडवल म्हणजे एक कात्री. तिने एका ठेकेदाराकडून गठ्ठे आणायला सुरुवात केली.

तिला वाटले, हे काम मुलाजवळ बसून होईल. झाले उलटेच. गठ्ठा उद्या सकाळी परत पाहिजे असे, म्हणजे मूल झोपले तरी काम, जागे असले तरी काम. खोलीभर निळे धागे आणि कापडाची धूळ. थोरली शाळेतून आली की तीही कात्री घेऊन बसायची. आणि एके दिवशी धाकट्याने सुटे पडलेले एक रिवेट नाकात घातले. श्वास घेताना शिट्टी वाजू लागली तेव्हा हिच्या लक्षात आले. रिक्षा करून दवाखाना गाठला, डॉक्टरांनी ते काढले, देवाची कृपा म्हणायची. त्या धावपळीत गठ्ठा वेळेवर गेला नाही, चार नग मळले. ठेकेदाराने त्या आठवड्याच्या पैशांतून ते कापून घेतले. दवाखान्याचा खर्च वजा जाता त्या महिन्यात हिच्या हातात काही राहिले नाही.

मी तिला म्हटले, "अगं, मग हिशेब केला नव्हतास का आधी?"

ती म्हणाली, "मामा, हिशेब कशाचा करायचा? भांडवल काही नव्हतं, म्हणून मी समजत होते की मिळेल तो नफाच. माझा वेळ आणि पोराची हेळसांड, हे कुठं कोण लिहितं?"

बंधू-भगिनींनो, हे वाक्य मी माझ्या डायरीत लिहून घेतले. आपल्या उसाच्या हिशेबातही हीच चूक आहे. बेणे, खत, औषध, तोडणी लिहितो. घरच्या बाईने खुरपले, पाणी पाजले, वैरण आणली, ते "घरचेच आहे" म्हणून सोडून देतो. वास्तविक हमीभावासाठी पिकांचा उत्पादन खर्च काढणारा केंद्र सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोगसुद्धा कुटुंबाच्या श्रमाची किंमत खर्चात धरतो. सरकार धरते आणि आपण धरत नाही!

आंतरपिकाचा नियम

आता माझ्या विषयाकडे येतो. उसात आंतरपीक का घेतो? ऊस सुरुवातीचे तीन-चार महिने हळू वाढतो, दोन सरींमधली जागा मोकळी असते, तेवढ्या काळात कमी मुदतीचे पीक निघून जाते आणि लागणीचा खर्च बराचसा हलका होतो. पूर्वहंगामी उसात आपण कांदा, लसूण, बटाटा, कोबी, हरभरा घेतो. सुरू उसात भुईमूग, मेथी, कोथिंबीर, काकडी घेतो. पण आंतरपिकाचे काही नियम आहेत. ते मुख्य पिकाला झाकणारे नसावे. मुख्य पिकाचे खतपाणी ओढणारे नसावे. मोठ्या बांधणीच्या आत ते रानातून निघाले पाहिजे. म्हणून तर उसात मका घेऊ नका असे आम्ही सांगतो. मका जोरात येतो, दिसायला छान दिसतो, आणि ऊस पिवळा पडतो.

लहान मुलांच्या घरात धंदा हे आंतरपीक आहे आणि मुले हे मुख्य पीक आहे. हे ध्यानात ठेवले, की कोणता धंदा घ्यावा आणि कोणता घेऊ नये हे आपोआप कळते. धाग्यांचे काम हा भाचीच्या घरातला मका होता. काम वाईट नव्हे. ज्यांची मुले मोठी आहेत त्यांना ते जमतही असेल. पण त्या काळात, त्या खोलीत, त्या वयाच्या मुलाजवळ ते लावायला नको होते.

आता ती काय करते

बदलापूरला आल्यावर तिने आधी दोन महिने काहीच केले नाही. नुसती पाहत राहिली. संध्याकाळच्या लोकलने नोकरी करणाऱ्या बायका उतरतात आणि घरी जाता जाता पोळी-भाजी केंद्रावरून पोळ्या घेतात. आपण ज्याला चपाती म्हणतो तिला तिकडे पोळी म्हणतात. केंद्रवाल्यांना एवढ्या पोळ्या स्वतः होत नाहीत, ते घरोघरच्या बायकांकडून करून घेतात. हिने घराजवळच्या एका केंद्राशी बोलून रोज १०० पोळ्यांचे ठरवले. केंद्रवाले २०० मागत होते. हिने नाही म्हटले. ते का, ते पुढे येईल.

तिचा दिवस असा. थोरलीची शाळा दुपारची. धाकटा साडेबाराला बालवाडीत जातो, साडेतीनला सुटतो. पावणेबाराला मुले जेवत असताना ही कणीक मळून ठेवते. त्यात विस्तव नाही, म्हणून मुले जवळ असली तरी चालते. धाकट्याला सोडून आली की शेगडी पेटवते. अडीच तासांत १०० पोळ्या होतात. सव्वातीनला शेगडी बंद. तवा उचलून ओट्याच्या आतल्या बाजूस भिंतीला टेकवून ठेवायचा, मगच मुलाला आणायला जायचे. "पोरगा घरात आणि तवा तापलेला, असं कधी होऊ द्यायचं नाही" हा तिचा नियम. मी होतो त्या दिवसांत एकदा बालवाडीला सुटी होती. तिने आदल्या दिवशीच केंद्राला कळवून टाकले होते. साडेचारला मुलाचा हात धरून ती पोळ्या पोचवते, येताना दोघे भाजी घेऊन येतात.

पट्टा पद्धतीत आपण आंतरपिकासाठी रिकामा पट्टा सोडतो, तसा तिने धंद्यासाठी तीन तासांचा पट्टा सोडला आहे. पट्ट्याबाहेर धंदा जात नाही. २०० पोळ्यांना नकार याच कारणाने. त्या करायच्या तर शेगडी साडेपाचपर्यंत पेटती ठेवावी लागली असती. मुलगा पहिलीत जाईल तेव्हा पट्टा रुंद करू, असे तिचे म्हणणे आहे.

मी एकदा बोलता बोलता "तू घरी बसून बरं मिळवतेस" असे म्हणालो. लाटणे न थांबवता ती म्हणाली, "बसून कुठं मामा? उभं राहूनच की!" मी गप्प झालो.

वहीतला हिशेब

तिच्या वहीच्या धर्तीवर खाली एक नमुना देतो. दर गावोगाव निराळे आहेत, तेव्हा आकडे आपापल्या गावचे घालावेत. पद्धत महत्त्वाची आहे.

रोजच्या १०० पोळ्या :

गव्हाचे पीठ, पिठी धरून साडेतीन किलो, दळणासह ४० रु. प्रमाणे — १४० रु.
तेल व मीठ — ३० रु.
गॅस — ३० रु.
कागद, पिशव्या — १५ रु.
तवा-शेगडीची झीज व बिघडलेल्या पोळ्या — १५ रु.
एकूण खर्च — २३० रु.
केंद्राकडून मिळाले, ६ रु. प्रमाणे — ६०० रु.
शिल्लक — ३७० रु.

इथे पुष्कळजण थांबतात. पण पुढची ओळ सर्वांत महत्त्वाची. मळणे अर्धा तास, लाटणे-भाजणे अडीच तास, बांधणे व पोचवणे अर्धा तास. एकूण साडेतीन तास. म्हणजे तासाला सुमारे १०५ रुपये पडले. आता धाग्यांच्या कामाशी ताडून पाहू. समजा नगाला २ रुपये आणि तासाला १५ नग होतात. म्हणजे तासाला ३० रुपये. एकात भांडवल लागते, दुसऱ्यात लागत नाही. पण बाईच्या तासाची किंमत धरली की खरा फरक दिसतो. एकरी किती टन हे पाहतो तसे तासाला किती रुपये हे पाहावे.

आणखी एक गोष्ट. महिन्याचे दिवस ३० धरू नयेत. मुलाला ताप येतो, लसीकरण असते, सणवार असतात, गॅस संपतो. भाची २२ दिवस धरते. ३७० गुणिले २२ म्हणजे ८,१४० रुपये. एखाद्या महिन्यात २५ दिवस झाले तर वरचे पैसे ती निराळे ठेवते; पुढच्या महिन्यात मूल आजारी पडले तर त्यातून भागते. पाऊस कमी-जास्त होणार हे धरून आपण नियोजन करतो, तसेच मूल आजारी पडणार हे धरून धंद्याचे नियोजन करावे.

एकटीचे बळ आणि दहाजणींचे बळ

भाचीचा धंदा ठीक चालला आहे, पण एक उणीव तिलाही कळते. ती एकटी आहे. केंद्राने उद्या ६ चे ५ रुपये केले तर काय करणार? धाग्यांच्या ठेकेदारापुढे ती गप्प बसली तीही एकटी म्हणूनच.

यावरचा उपाय आपल्या महाराष्ट्रातल्याच बायकांनी काढलेला आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेच आजचे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड. तिथली रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर एकत्र भिजवले जाते, मोजून दिले जाते. भगिनी ते घरी नेऊन लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी आणून देतात. लाटणावळ हातात पडते. खरेदी, भिजवणे, तपासणी, विक्री ही जड कामे संस्थेकडे. लाटणे तेवढे घरी, मुलांच्या वेळा सांभाळून. लाटणाऱ्या भगिनीच संस्थेच्या मालक. भांडवलवाला मालक मध्ये नाही.

दुसरे उदाहरण गिरणगावातले. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका स्वतःच्या खोलीत, पोराबाळांच्या गलक्यात दोन-दोन पाळ्यांचा स्वयंपाक करीत. किराण्यासाठी सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घ्यावे लागत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. तारण द्यायला एकटीजवळ काही नव्हते, पण दहाजणींचा शब्द बँकेने तारण म्हणून धरला.

आपल्याला हे नवे का वाटावे? गुऱ्हाळाचा गूळ अडत्याच्या दारात नेऊन तो देईल तो भाव घेणारे शेतकरी आपणच होतो. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास तिथे गाळप सुरू झाले, आणि मग गावोगावचा शेतकरी शहाणा झाला. पण आपण उसापुरते सहकारी झालो. घरच्या बाईच्या पापडाला, शेवयांना, शिवणाला अजून सहकार लावलेला नाही.

माझ्या घरची गोष्ट

दुसऱ्याला सांगावे आणि स्वतःचे झाकावे हे बरोबर नाही, म्हणून हेही लिहितो. २०११ साली आमची दोन्ही मुले लहान होती. सौ. ने कारखान्याच्या कॉलनीत शिवणाचे मशीन टाकले. ब्लाऊज, परकर, मुलांचे कपडे, सणाच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत काम. पैसे ती एका पत्र्याच्या डब्यात ठेवी. मी मात्र गावोगाव सभासदांना "हिशेब ठेवा, हिशेब ठेवा" म्हणून सांगत हिंडत होतो, आणि घरी आल्यावर त्या डब्यातून मोटारसायकलच्या टायरला, पाहुण्याच्या आहेराला, कधी नुसते सुटे पैसे म्हणून काढीत होतो. परत ठेवल्याचे आठवत नाही. ती कधी काही बोलली नाही.

तीन वर्षांनी मशीनची मोटर जळाली. दुरुस्तीला डब्यात पैसे नव्हते. मी म्हटले, "राहू दे आता, तेवढाच तुला आराम." मशीन कोपऱ्यात गेले. पुढच्या महिन्यात दुधाचे बिल, मुलांच्या वह्या, गॅस असे एकेक माझ्या पगारावर आले, तेव्हा मला कळले की तो डबा घर चालवीत होता. तिला तसे म्हटले, तर ती एवढेच म्हणाली, "अहो, तुमच्या हिशेबात तो कधी नव्हताच."

बदलापूरहून आल्यावर मी पहिले काम केले ते मोटर बसवून आणण्याचे. आता मुले मोठी आहेत, तिला वेळ आहे, पण हात पूर्वीइतका भरभर चालत नाही असे ती म्हणते. खोडव्याला वेळेवर खत दिले नाही तर पुढे कितीही दिले तरी गेलेला काळ भरून येत नाही. तसेच हे आहे.

कामाच्या सूचना

१. आधी मुलाची वेळ मांडा, मग धंदा निवडा. मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत असते तेवढेच तास धंद्याचे धरावेत. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. गावात अंगणवाडी आहे, तिचा पूर्ण उपयोग करून घ्यावा. मूल झोपल्यावरची वेळ हिशेबात धरू नये. ती आईच्याही झोपेची वेळ असते.

२. विस्तव, गरम तेल, सुई, कात्री, बटण, रसायन यांची कामे मूल घरात असताना करू नयेत. निवडणे, मळणे, मोजणे, बांधणे ही मूल जवळ असताना चालतात. कामाचे दोन भाग पाडावेत.

३. शाळेतल्या मुलाला धंद्यात बसवू नये. घरातल्या चार गोष्टी त्याने शिकाव्यात हे निराळे. नग मोजून काम घेणे निराळे.

४. ठेकेदाराचे काम घेताना नग किती, दर काय, पैसे कोणत्या वारी, खराबीचे कापणार किती, हे वहीत लिहून त्याची सही घ्यावी. सही देत नसेल तर काम घेऊ नये.

५. धंद्याचे पैसे घरखर्चात मिसळू नयेत. बाईच्या स्वतःच्या नावावर बँकेत खाते असावे. घराला पैसे लागले तर जरूर घ्यावेत, पण उसने म्हणून लिहावेत.

६. खाद्यपदार्थ घरून करून विकायचे तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी लागते. ती करून घ्यावी. छोट्या उद्योगाची "उद्यम" नोंदणी २०२० पासून आहे आणि ती सरकारतर्फे फुकट होते. त्यासाठी कुणी हजार-पाचशे मागितल्यास देऊ नयेत. घरून काम करणाऱ्या असंघटित भगिनींनी २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत नाव घालावे.

७. भांडवलासाठी सावकाराकडे जाऊ नये. बचत गटातून कर्ज मिळते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत "शिशु" गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज आहे. अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांसाठी केंद्राने २०२० साली ३५ टक्के अनुदानाची योजना काढली होती. सध्या अर्ज घेतात किंवा कसे, ते तालुका कृषी कार्यालयात विचारावे. मात्र कर्ज मिळते म्हणून धंदा काढू नये. आधी गिऱ्हाईक, मग पोळपाट, मग कर्ज.

८. पहिले तीन महिने लहान प्रमाणात करून पाहावे. आपणही नवीन जात पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांत लावून बघतोच.

शेवटी सभासद बंधूंना

वरच्या सूचना भगिनींसाठी झाल्या. आता दोन शब्द बंधूंसाठी. घरात बाईने धंदा काढला म्हणजे तिचे पहिले काम कमी झाले असे नसते. पाणी, जनावरे, स्वयंपाक, मुले हे सगळे आहेच, त्यावर हे आणखी. आंतरपीक घेतले तर त्याला खताचा वेगळा हप्ता द्यावा लागतो, नाहीतर दोन्ही पिके मार खातात. तो वेगळा हप्ता आपण द्यायचा आहे. तिच्या तीन तासांत मुलाला सांभाळावे, किंवा धारा काढाव्यात, किंवा निदान त्या वेळात चहा मागू नये. भाचीचा नवरा रात्री साडेआठला लोकलने येतो, पण रविवारी आठवड्याचा गहू निवडणे आणि दळण आणणे त्याच्याकडे आहे. एवढ्यानेही फरक पडतो.

आमच्या विभागातर्फे ऊस नोंदवही आपण सभासदांना देतोच. ज्या भगिनींना घरधंद्याची वही घालायची असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात यावे; वही कशी आखायची ते आमचे कर्मचारी आणि मी स्वतः दाखवू. एका गावात एकच काम करणाऱ्या दहाजणी निघाल्या, तर त्यांनी एकत्र खरेदी-विक्री कशी करावी यावरही बसून बोलू. वहीत कामाच्या तासांचा एक रकाना मात्र पाहिजेच.

पुढील मेळाव्यात ती भगिनी भेटल्या तर त्यांना हा अंक मी हातात देणार आहे. त्यांच्या ओळखीच्या कुणी हे वाचत असतील तर त्यांनी आधीच पोचवावा.

पुढील अंकात : खोडव्यातील पाचट व्यवस्थापन.